राजगड ते तोरणा: डोंगरधारेची वाट एका दिवसात कशी चालावी

पुणे जिल्ह्यातील राजगडाच्या संजीवनी माचीपासून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत सह्याद्रीची एक सलग डोंगरधार गेली आहे. सरळ रेषेत या दोन गडांमधील अंतर ७-८ किलोमीटरच भरते. पण धारेची वळणे, मधल्या टेकड्यांचे चढउतार आणि रानातले वळसे धरून पायाखालची वाट १० ते १२ किलोमीटरची होते, आणि तिच्या आधी राजगडाची चढण व तिच्यानंतर तोरण्याची उतरण असतेच. दोन्ही गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीचे आहेत. एका गडाच्या पायथ्याशी पहाटे सुरुवात करून दुसऱ्या गडाच्या पायथ्याशी संध्याकाळी उतरायचे, तर १३ ते १४ तासांचा दिवस आणि त्यातला बहुतेक वेळ पायांवर, अशी तयारी हवी.

दोन्ही गडांवर स्वतंत्रपणे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि सुट्टीच्या दिवशी राजगडाच्या पद्मावती माचीवर बसायला सावली मिळणेही कठीण होते. संजीवनी माचीचे शेवटचे बुरूज मागे पडले की ही गर्दी एकदम संपते. पुढचे काही तास कारवीच्या झुडपांच्या दाटीतून, जांभूळ, अंजनी आणि हिरड्याच्या रानातून, मधूनच उघड्या गवताळ धारेवरून आणि क्वचित एखाद्या धनगराच्या घराजवळून जावे लागते. त्या शांततेसाठीच ही वाट चालावी, असे माझे मत आहे. एका दिवसात दोन गड झाले एवढेच सांगायचे असेल, तर गाडीने दोन्ही पायथ्यांना जाणे अधिक सोयीचे आहे.

बेत शेवटाकडून आखावा

या वाटेची अडचण तिच्या रचनेतच आहे. सर्वांत दमवणारा चढ, म्हणजे बुधला माचीचा, अगदी शेवटी येतो. त्या वेळी दुपारचे ऊन पश्चिमेकडे तोंड करून चालणाऱ्यांच्या डोळ्यांवर असते, पाण्याच्या बाटल्या हलक्या झालेल्या असतात आणि पाय सात-आठ तास चाललेले असतात. सकाळच्या थंडीत राजगडावर रेंगाळलेला प्रत्येक अर्धा तास त्या चढावर व्याजासकट वसूल होतो. म्हणून 'किती वाजता निघायचे' या प्रश्नापासून सुरुवात न करता 'किती वाजता उतरून संपायला हवे' येथून मागे मोजत यावे.

डिसेंबरात या भागात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तोरण्यावरच्या मेंगाई देवीच्या मंदिरापासून वेल्ह्यापर्यंतची उतरण दोन ते अडीच तासांची आहे, म्हणजे मंदिरापासून पावणेचारच्या आत निघायला हवे. त्यासाठी बुधला माचीच्या खालच्या धारेवर दीडपर्यंत, भुतोंडे खिंडीत साडेदहापर्यंत आणि संजीवनी माचीवरच्या अळू दरवाज्याशी सव्वाआठपर्यंत पोहोचलेले असावे. राजगडाच्या माथ्यावर सातला न्याहारी करायची, तर पायथा पहाटे साडेचारला सोडावा लागतो. हे वेळापत्रक सरासरी वेगाच्या पाच-सहा जणांच्या गटासाठी आहे. गट मोठा असेल तर प्रत्येक टप्प्यावर वेळ वाढतो, आणि दहापेक्षा अधिक माणसे असतील तर ही वाट एका दिवसात नेण्याचा आग्रह धरू नये.

या सर्व वेळांत भुतोंडे खिंडीची वेळ सर्वांत महत्त्वाची आहे, कारण धारेला ओलांडणारी डांबरी सडक याच खिंडीतून जाते. दक्षिणेला उतरले की भाटघर धरणाच्या जलाशयाकाठचे भुतोंडे, आणि उत्तरेला वेल्ह्याकडची खोरी. खिंडीनंतर तोरण्यापर्यंत अशी सोपी सुटका पुन्हा नाही. त्यामुळे परतण्याचा निर्णय येथेच घ्यायचा असतो. खिंडीत ११ वाजून गेले असतील, कोणाचा गुडघा किंवा घोटा कुरकुरत असेल, किंवा कोणाकडे दोन लिटरपेक्षा कमी पाणी उरले असेल, तर पूर्ण गटाने येथेच बाहेर पडावे. हा नियम आदल्या रात्री सर्वांसमोर स्पष्ट सांगून ठेवावा. प्रत्यक्ष खिंडीत पोहोचल्यावर पंधरा मिनिटे सावलीत बसले की प्रत्येकाला आपण अगदी ठीक आहोत असे वाटू लागते, आणि मग चर्चा लांबते.

राजगडाकडून तोरण्याकडे जावे की उलट, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उलट गेल्यास मोठा चढ सकाळी होतो, हे खरे. परंतु बुधला माचीखालचा कातळाचा आणि घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या दगड-मुरमाचा, भाग चढून जाणे हे उतरून येण्यापेक्षा सुरक्षित आहे, आणि दिवस संपताना उतरायला वेल्ह्यासारखे मोठे गाव असणे हा लहान फायदा नव्हे. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी राजगडाकडूनच सुरुवात करावी.

कोणी जावे

सिंहगडाची पायवाट पाठीवर सहा-सात किलो ओझे घेऊन, न थांबता, दीड तासाच्या आसपास चढता येत असेल आणि खाली येऊन पुन्हा एकदा चढण्याची ताकद उरत असेल, तर राजगड-तोरण्याचा विचार करायला हरकत नाही. पुण्यातील गिर्यारोहकांची जुनी परीक्षा म्हणजे कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची वाट. ती एकामागून एक चढउतारांची असल्यामुळे धारेवरच्या चालीचा नेमका सराव देते. सराव करताना उतरण्याकडे दुर्लक्ष होते, असे दिसते. चढताना दम लागतो आणि तो पाच मिनिटांत जातो. मांड्यांचे आणि गुडघ्यांचे स्नायू उतारावर थकतात, आणि तो थकवा त्या दिवशी परत जात नाही. तोरण्यावरून वेल्ह्याला उतरताना होणाऱ्या बहुतेक दुखापतींचे मूळ हेच असते.

पूर्वी कधीही डोंगरात न गेलेल्या माणसाला 'बघू, जमेल' म्हणत या वाटेवर नेणे योग्य नाही. त्याच्यासाठी राजगड हा एक पूर्ण दिवसाचा, उत्तम कार्यक्रम आहे.

ऋतू आणि हवा

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा हा सर्वांत चांगला काळ. पावसाळ्यात या धारेवर तासन्‌तास ढग बसलेले असतात, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, गवताखालची माती साबणासारखी निसटते आणि ढोरवाटा मुख्य वाटेइतक्याच ठळक होतात. पावसाळी सह्याद्रीचे सौंदर्य कोणी नाकारत नाही. पण दोन्ही बाजूंना दरी असलेली लांब धार ते पाहण्याची जागा नाही. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरतो, तेव्हा गवत छातीपर्यंत वाढलेले असते, पाय कोठे पडतो ते कळत नाही, आणि ऑक्टोबरचे ऊन वेगळेच. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा सामूहिकपणे फुलते. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी जांभळ्या झालेल्या उतारांच्या मोहाने बरेच जण या काळात निघतात. त्यांनी पूर्ण वाट न धरता राजगडावरूनच बहर पाहून परतावे.

मार्चपासून पुढे गवत वाळून वणव्यांचा काळ सुरू होतो. धारेवर पाणी नाही, खिंडीच्या अलीकडे-पलीकडे उघड्या भागात सावली नाही, आणि आग लागली तर पळण्यासाठी अरुंद धार ही वाईट जागा आहे. मार्च ते मे या काळात ही वाट टाळावीच.

हिवाळ्यातही एक गोष्ट लक्षात ठेवावी. पहाटे पायथ्याला हुडहुडी भरते आणि दुपारी बाराला त्याच धारेवर घाम निथळतो. जाड जाकीट एकच घेण्याऐवजी पातळ कपड्यांचे थर घ्यावेत, पूर्ण बाह्यांचा सदरा ठेवावा आणि अर्ध्या चड्डीने जाण्याचा विचार सोडून द्यावा, कारण कारवीच्या वाळक्या काठ्या आणि करवंदीच्या जाळ्या पोटऱ्यांवर दिवसभर ओरखडे काढत राहतात.

पाणी, खाणे आणि ओझे

राजगडावर पद्मावती तळे आणि खडकात खोदलेली टाकी आहेत. तोरण्यावरही टाकी आहेत. या दोन्हींच्या मधल्या धारेवर भरवशाचा एकही पाणवठा नाही. कोणी झऱ्याविषयी सांगितले तरी त्यावर बेत आखू नये, कारण नोव्हेंबरात वाहणारे पाणी जानेवारीत आटलेले असू शकते. अळू दरवाज्यातून बाहेर पडताना प्रत्येकाच्या पाठीवर चार लिटर पाणी असले पाहिजे. चार लिटर म्हणजे चार किलो. हे ओझे जड वाटते म्हणून तीन लिटर घेणारे लोक साधारणपणे बुधल्याच्या चढावर इतरांच्या बाटल्यांकडे पाहू लागतात. गडावरच्या टाक्यांतील पाणी भरायचे झाल्यास ते गाळून, निर्जंतुकीकरणाची गोळी टाकून आणि तिच्या वेष्टनावर लिहिलेला वेळ थांबूनच प्यावे.

खिंडीच्या परिसरात किंवा धारेवरच्या एखाद्या घराशी सुट्टीच्या दिवशी ताक किंवा लिंबूपाणी मिळून जाते. मिळाले तर अवश्य घ्यावे, योग्य पैसे द्यावेत, आणि न मिळाल्यास आपले अडणार नाही अशा तयारीने यावे. त्या घरांतील लोक आपल्या पिण्याचे पाणीही लांबून डोक्यावर वाहून आणतात, म्हणून त्यांच्याकडे रिकाम्या बाटल्या पुढे करणे बरे दिसत नाही.

खाण्याचे पदार्थ चालता चालता खाता येतील असे असावेत: गूळपोळी, दशम्या, तिळाचे किंवा शेंगदाण्याचे लाडू, खजूर, चिक्की, भाजलेले चणे, मीठ लावलेली काकडी, संत्री. दर तासाला थोडे खावे. दुपारी एकदाच भरपेट जेवून बुधल्याच्या चढाला लागणे ही शिक्षा आहे. घाम खूप येणाऱ्यांनी क्षारसंजीवनीची (ओआरएस) दोन पाकिटे जवळ ठेवून त्यातले एक खिंडीतच घ्यावे. नुसते पाणी पीत राहिल्यास पोटऱ्यांत गोळे येतात, आणि ते नेमके कातळावर येतात.

बुटांचा तळ खोल खाचांचा असावा आणि बूट वापरून पायाला रुळलेले असावेत. नवे कोरे बूट या वाटेवर घालू नयेत. हेडलॅम्प प्रत्येकाकडे असावा, दोघांत एक चालत नाही. याशिवाय टोपी, क्रेप बँडेज, जखमेवरची पट्टी, आपापली नेहमीची औषधे, एक शिट्टी आणि कचरा परत नेण्यासाठी पिशवी एवढे पुरे. हाताची काठी दोन्ही उतारांवर उपयोगी पडते, पण कातळावर ती बांधून ठेवता यायला हवी.

पायथ्यापर्यंत आणि राजगडावर

पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळून नसरापूर, तेथून मार्गासनी, आणि मार्गासनीहून एक फाटा साखरमार्गे गुंजवणे व पाली-वाजेघरकडे, तर दुसरा वेल्ह्याकडे जातो. स्वतःची गाडी असेल तर सुरुवातीच्या गावात न ठेवता वेल्ह्यात ठेवावी आणि आधी बोलून ठेवलेल्या स्थानिक जीपने पहाटे राजगडाच्या पायथ्याला यावे. याउलट केले तर रात्री, दमलेल्या अवस्थेत, गाडीपर्यंत पोहोचण्यासाठी वाहन शोधावे लागते.

आदल्या रात्री गावातच मुक्काम करणे उत्तम. गुंजवण्यात घरगुती जेवणाची आणि झोपण्याची सोय करणारी कुटुंबे आहेत. गडावर मुक्कामाचे नियम मधूनमधून बदलतात. राजगड हे राज्य पुरातत्त्व विभागाच्या अखत्यारीतील संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या 'मराठा लष्करी भूदृश्यां'मधील १२ किल्ल्यांपैकी एक आहे. त्यामुळे मंदिरात झोपता येईल असे गृहीत धरून जाऊ नये.

राजगडावर चढण्यासाठी दोन वाटा प्रचलित आहेत. गुंजवण्याहून चोर दरवाज्याची वाट जवळची, पण शेवटी उभी आणि कातळाची आहे. तेथे आधाराला कठडे असले तरी अंधारात, झोपाळलेल्या डोळ्यांनी ती चढणे मला पसंत नाही. पालीकडून येणारी पाली दरवाज्याची वाट हा गडाचा राजमार्ग. ती रुंद आणि पायऱ्यांची आहे, दोन ते अडीच तासांत वर नेते, आणि वर आल्यावर संजीवनी माचीच्या दिशेने जाणेही सोयीचे पडते. पहाटेच्या अंधारात निघायचे असेल तर हीच घ्यावी.

वर आल्यावर बालेकिल्ला आणि सुवेळा माची पाहण्याचा मोह आवरावा लागतो. शिवाजी महाराजांची दोन तपांहून अधिक काळ राजधानी राहिलेला हा गड दीड-दोन तासांत 'उरकण्या'सारखा नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र दिवस काढावा आणि आज न्याहारी करून, पाणी भरून, थेट संजीवनीकडे वळावे.

अळू दरवाज्यापासून खिंडीपर्यंत

संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे आणि ती टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे उतरत जाते. तिच्या कडेला दुहेरी तटबंदी आहे आणि दोन भिंतींच्या मधून बुरुजाच्या तळाकडे जाणाऱ्या अरुंद पायऱ्या आहेत. इतका खर्च याच बाजूला का केला असेल, याचे उत्तर तटावर उभे राहिले की डोळ्यांना मिळते. राजगडाच्या बाकीच्या बाजूंना कडे आहेत. येथे मात्र तोरण्याकडून आलेली धार थेट गडाला येऊन भिडते. शत्रूला चालत येण्याजोगा हाच रस्ता, आणि आज आपण तोच उलट दिशेने चालणार असतो. तोरणा आधी घेतला आणि तेथे सापडलेले धन मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभारण्यास वापरले, असे सांगितले जाते. ते ध्यानात घेतले तर दोन गडांना जोडणारी ही धार त्या काळीही वर्दळीची असली पाहिजे.

अळू दरवाज्यातून बाहेर पडल्यावर लगेच तीव्र उतार लागतो. मुरूम आणि सुटे दगड यांचा घसारा आहे. एकमेकांच्या डोक्यावर दगड जाणार नाहीत एवढे अंतर ठेवून, तिरके पाय टाकत, घाई न करता उतरावे. दिवसातला हा पहिला उतार असल्याने पाय ताजे असतात आणि वेग वाढवावासा वाटतो. तसे करू नये.

घसारा संपला की धार अरुंद होते आणि लहान टेकड्यांची मालिका सुरू होते. वाट शोधण्याचा एकच नियम येथून तोरण्यापर्यंत उपयोगी पडतो: धार सोडायची नाही. मुख्य वाट कधी माथ्यावरून जाते, कधी टेकडीला डावी-उजवी घालून रानातून आडवी जाते, पण प्रत्येक वेळी पुन्हा धारेवर येते. ज्या वाटेने सलग दहा मिनिटे एकाच दरीकडे उतार लागला आहे आणि समोर धार वर-वर जाताना दिसते आहे, ती ढोरवाट किंवा गावाकडे उतरणारी पाऊलवाट समजावी आणि शेवटच्या ठळक फाट्यापर्यंत मागे यावे. रानातून खाली आडवे घुसून 'पुढे वाट मिळेलच' असे म्हणणाऱ्याचे ऐकू नये. कारवीच्या दाटीत पन्नास मीटर जायला पाऊण तास लागू शकतो, आणि तिच्याखाली कड्याची धार कोठे आहे ते दिसत नाही. या नियमाला अपवाद दोनच: अळू दरवाज्याखालचा उतार आणि खिंडीत उतरणारा उतार. दगडांवर किंवा झाडांवर कोठे रंगाचे बाण दिसतात. ते मदतीला घ्यावेत, पण त्यांच्यावर विसंबू नये. फोनमध्ये वाटेची जीपीएस नोंद आधीच उतरवून ठेवावी, आणि फोनची बॅटरी छायाचित्रांत संपवू नये.

रानात चालण्याची रीत

खिंडीच्या दोन्ही बाजूंना रानाचे पट्टे आहेत आणि या वाटेचा तो सर्वांत सुखाचा भाग. उघड्या धारेवरच्या वाऱ्यातून आत शिरले की आवाज एकदम बदलतो. सकाळच्या वेळी शीळकरी कस्तुराची लांब, माणसाने घातल्यासारखी शीळ ओढ्याच्या बाजूने येते. तांबटाची ठोक चालू असते. सातभाईंचा थवा पाचोळा उलथत पुढे-पुढे सरकतो. भेकर बहुधा भुंकण्यावरूनच कळते. हे ऐकायचे असेल तर गटाने बोलणे थांबवायला हवे, आणि नुसते 'हळू बोला' म्हणून ते होत नाही. माझी पद्धत अशी की रानाच्या पट्ट्यात शिरताना दोन माणसांत पंधरा-वीस पावलांचे अंतर ठेवावे, इतके की बोलायला ओरडावे लागेल पण पुढच्याची पाठ दिसत राहील. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला आणि सर्वांत मागे दुसरा अनुभवी माणूस. या दोघांच्या पुढे-मागे कोणी जायचे नाही, आणि प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचे. ब्लूटूथ स्पीकर आणणाऱ्याला तो पिशवीतच ठेवायला सांगावे.

गप्प राहण्याचे एक व्यावहारिक कारणही आहे. सह्याद्रीतील कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र अत्तरे आणि डिओडरंट, दगडफेक आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. त्या दिवशी सुगंधी काहीही लावू नये आणि वाटेवर कोणी विडी-सिगारेट ओढू नये. माश्या उठल्याच, तर हात झाडू नयेत. डोके व चेहरा कापडाने झाकून, कड्याची बाजू टाळून, वाटेनेच शक्य तितक्या लवकर दूर जावे. अंगावर काटे असतील तर ते लगेच काढावेत. श्वास लागणे, ओठ किंवा चेहरा सुजणे ही चिन्हे दिसली तर वाट न पाहता खाली नेण्याची व्यवस्था करावी.

या भागात फुरसे, घोणस, नाग आणि मण्यार हे चारही विषारी साप आढळतात. दगडावर हात टेकण्यापूर्वी आणि ओंडका ओलांडण्यापूर्वी पलीकडे पाहावे, इतकी सवय पुरते. दंश झाल्यास जखम कापणे, तोंडाने विष ओढणे, घट्ट दोरी बांधणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी-कडे काढून, तो अवयव काठीच्या आधाराने स्थिर ठेवून, माणसाला चालू न देता उचलून खाली आणावे आणि सर्पविषाची लस असलेल्या रुग्णालयात पोहोचवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. फोनला रेंज धारेच्या उघड्या माथ्यांवर मधूनमधून मिळते, रानाच्या पट्ट्यात बहुधा मिळत नाही. म्हणून ज्या घरी मुक्काम केला त्यांना आणि पुण्यातल्या किंवा गावाकडच्या एका माणसाला आपले वेळापत्रक लिहून द्यावे, आणि रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर काय करायचे तेही सांगून ठेवावे.

बुधल्याचा चढ आणि पुढे

खिंड ओलांडल्यावर वाट पुन्हा चढू लागते आणि रान हळूहळू विरळ होत जाते. तोरणा येथून अगदी जवळ दिसतो, आणि दीड-दोन तासांनी पाहिले तरी तेवढाच जवळ दिसतो. या फसवणुकीची आधी कल्पना असली की चिडचिड होत नाही. शेवटच्या झाडांच्या सावलीत अर्धा तास थांबावे, बूट काढून पाय मोकळे करावेत, खावे, आणि मगच उघड्या धारेला लागावे. वर सावली नाही.

बुधला म्हणजे माचीवर उभा असलेला तेलाच्या बुधल्याच्या आकाराचा सुळका, आणि त्याच्याकडे तोंड करून चढत जायचे असते. आधी गवताळ, घसरडी सोंड, मग मुरमाची अरुंद वाट आणि शेवटी कातळाचा टप्पा. लहान पावले टाकावीत, दर वीस-पंचवीस पावलांना दोन श्वास थांबावे, पण बसू नये. बसल्यावर पुन्हा उठणे अधिक जड जाते. कातळावर एका वेळी एकानेच चढावे, काठ्या पाठीवर बांधाव्यात, दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले ठेवावेत. उंचीची भीती वाटणारा कोणी असेल तर त्याच्या खाली आणि वर अनुभवी माणूस ठेवावा, आणि त्याची पाठपिशवी दुसऱ्याने आधीच वर न्यावी. वारा फार असेल तर टोपी आणि सैल कापड आवरून घ्यावे. हा टप्पा भीतिदायक नाही, परंतु थकलेल्या माणसासाठी तो निष्काळजीपणाची जागा नाही.

माचीवर आल्यावर काम संपले असे वाटते, तसे नाही. बुधला माचीवरून कोकण दरवाज्याने बालेकिल्ल्यात जाऊन मेंगाई देवीच्या मंदिरापर्यंत यायला आणखी अर्धा ते पाऊण तास लागतो. येथे उरलेले पाणी मोजावे, लागल्यास टाक्यावर भरावे. झुंजार माची पावणेचारच्या आत वेळ उरला तरच पाहावी, आणि तेवढा वेळ बहुधा उरत नाहीच.

वेल्ह्याची वाट कोठी दरवाजा आणि बिनी दरवाज्यातून उतरते. दरवाज्यांखालच्या कातळटप्प्यांवर कठडे बसवलेले आहेत. ते धरावेत, पण सगळे वजन त्यांच्यावर टाकू नये. पुढे बोडक्या सोंडेवरून मुरमाड उतार आहे आणि दिवसभरात जे घोटे वाचले ते येथे मुरगळतात. गुडघे किंचित वाकवून, काठी पुढे टेकत, पायाचा पूर्ण तळवा जमिनीला लावत उतरावे. उजेड कमी होऊ लागला की हेडलॅम्प लगेच डोक्यावर चढवावा, पूर्ण अंधार होण्याची वाट पाहू नये, आणि या टप्प्यावर गट कोणत्याही कारणाने फुटू देऊ नये, कारण पुढे धावत गेलेल्या दोघांना मागच्यांचे काय झाले ते गावात पोहोचेपर्यंत कळत नाही.

वेल्ह्याहून पुण्याकडे संध्याकाळनंतर एसटी मिळेलच याची खात्री धरू नये. गाडी ठेवलेली असेल तर दिवसभर न चाललेला चालक बरोबर असावा. चौदा तास पायांवर काढलेल्या माणसाने घाटरस्त्याने रात्री गाडी चालवू नये. असा कोणी नसल्यास वेल्ह्यातच जेवून झोपावे आणि सकाळी निघावे. निरोप दिलेल्या दोन्ही ठिकाणी उतरल्याचा फोन मात्र जेवणाआधी करावा.